कुंकू लावलेल्या खुर्च्या

श्रीतमाच्या बंगालीत खुर्ची, हत्ती आणि मावशी सगळे एकसारखेच येतात. आला की आली, ही भानगडच नाही. त्यामुळे फ्रेंचच्या तासाला ती दिसेल त्या वस्तूला बिनधास्त पुरुषी 'ल' लावायची आणि 'ला'वाल्या बायका बिचाऱ्या ताटकळत राहायच्या. उद्या तोंडी परीक्षा. पास होणाऱ्या मुली चंदननगरला पाहुण्यांना जुनी फ्रेंच घरं दाखवणार होत्या, आणि श्रीतमाशिवाय चंदननगर म्हणजे तिच्या वर्गातल्या मराठी मैत्रिणीला, नूपुरला, बिनमिठाची आमटी!

"तुझ्या टाळक्यात कसं शिरत नाही, बघतेच!" असं म्हणून नूपुरने आपल्या घरच्या देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा पळवला. जी जी 'ला', तिला तिला कुंकू. टेबलाला लावलं, दाराला लावलं, खिडकीला लावलं, सगळ्या खुर्च्यांच्या पाठींना ठसठशीत लावलं. आरसा, फ्रीज, सोफा ही पुरुषमंडळी कोरडी राहिली. आईचं हळदीकुंकू संध्याकाळी, तोवर पुसून टाकू. पण गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमधल्या बायका कसल्या संध्याकाळची वाट बघतात!

पहिल्या आल्या शेजारच्या बोसकाकिमा. खुर्ची बघून थबकल्या. "ओ मा! तुमच्यात खुर्चीची पण पूजा?" त्यांनी भक्तिभावाने हात जोडले आणि सोफ्यावर बसल्या. मागून आलेलीने त्यांचं बघून हात जोडले. मंजुषाकाकू तर पुण्याच्या, पण त्याही पुटपुटल्या, "जानेवारीत खंडेनवमी?" आणि कशाला विषाची परीक्षा म्हणून सोफ्यातच घुसल्या. तिघींच्या सोफ्यावर सात जणी!

तिळगुळाचं ताट घेऊन आई आली आणि दारातच किंचाळली, "नूपुर! पूस आधी ते सगळं!"

"आई, पुसलं तर श्रीतमा नापास होईल गं!" नूपुरने एका दमात सगळी कहाणी ओतली.

सोफ्यात दबलेल्या मंजुषाकाकू ओरडल्या, "मग इथंच घ्या की परीक्षा! बरोबर सांगितलं की एकीनं उठून खुर्चीत बसायचं. सांग गं बाई लवकर, माझा पाय गेला!"

श्रीतमा लाजेने लालबुंद. पण खुर्चीचं कुंकू बघून म्हणाली, "ला शेज!" एक सुटली. दाराकडे बघून "ला पोर्त!" दुसरी सुटली. "ला ताब्ल!" टाळ्या. मग तिने सोफ्याकडे बघून ठणकावलं, "ल कानापे!"

"पुरुषच मेला," मंजुषाकाकू म्हणाल्या, "इतक्या बायका बसल्या तरी हूं की चूं नाही!" बोसकाकिमांना हसून हसून ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी श्रीतमाने दार, खिडकी, दिवा सगळं धडाधड सांगितलं. शेवटी मॅडमनी चंद्र विचारला. श्रीतमाने छातीठोकपणे 'ल' लावला. मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, उसासा टाकला आणि तिला पास केलं.

व्हरांड्यात दोघी इतक्या किंचाळल्या, की शेजारच्या वर्गाचं दार उघडलं.

"चंद्र 'ला' असतो, वेडे!"

"चांदमामा बाई कसा असेल गं?"

"आमच्याकडेही तो मामाच! पण चंदननगरला असं काही बोलू नकोस हं!"

"मी बोलणारच नाही," श्रीतमा म्हणाली. "तू बोल. मी फक्त तिथली जलभरा संदेश मिठाई खाणार."