ऑर्किडखालचा पेपर

वनस्पती सुकवायची म्हणजे तिला वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरायचं, अशा घड्या दोन फळ्यांमध्ये दोरीनं आवळायच्या आणि रोज कागद बदलायचे. बस, एवढंच. पण भर पावसाळ्यात हे ‘एवढंच’ जिवावर येतं. एक दिवस कंटाळा केला की बुरशी हजर.

छप्पन्न सालच्या ऑगस्टात आमच्या नागपूरच्या कॉलेजची सहल सिल्लेवानीच्या घाटात निघाली. मला परवानगी मिळाली ती केवळ मुक्काम माझ्या गावी, सौंसरला होता म्हणून. पावसानं छोटी रेल्वे बंद पडली होती, तेव्हा आम्ही एक ट्रक चिखलातून ढकलत ढकलत आलो. मुलं शाळेच्या हॉलमध्ये उतरली, मी घरी. बी.एस्सी. झालं की माझं, नलिनीचं, लग्न, हे बापूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवून टाकलं होतं. ते शाळामास्तर, त्यांचं ठरलं म्हणजे घंटा वाजली. पण वनस्पतीशास्त्राच्या खानझोडे सरांनी आम्हाला सांगितलं होतं, “एम.एस्सी.ला माझ्या हाताखाली एकच जागा आहे. ज्याचे नमुने सर्वांत चांगले सुकतील, ती त्याची.” मला ती जागा हवी होती, अगदी हट्टानं हवी होती. घाटाची एकदा चटक लागली की पोळ्या लाटण्यात मन रमत नाही.

पहिल्याच दिवशी सागाखाली मला जमिनीवर उगवलेलं ऑर्किड सापडलं. हिरवट पांढरी फुलं, आणि प्रत्येक फुलाला मागं लांबलचक शेपूट. शेपटाच्या टोकाशी मध. एवढ्या खोल मध ठेवायचा कोणासाठी? सर म्हणाले, “लांब सोंडेच्या पतंगासाठी.” पाहुणा ठरवूनच ताट वाढलेलं! मी चिखलात गुडघे टेकून बघतच राहिले.

“फार खुलू नकोस,” सर म्हणाले. “ऑर्किडच्या अंगात पाणी फार. नीट सुकवलं नाहीस तर काळं पडेल.”

संध्याकाळी ते नागपूरहून आणलेल्या ताज्या पेपरांच्या घडीत ठेवलं, चिठ्ठी लिहिली, फळ्या आवळल्या आणि घरात सगळ्यांना बजावलं, कोणी हात लावायचा नाही. त्याच रात्री मला ताप भरला. मग कागद कोण बदलणार? आई झाडपाल्यातल्या अळ्यांना भिते, आणि बजावून तर मीच ठेवलेलं. अंथरुणात पडल्या पडल्या माझं ऑर्किड मला काळं होताना दिसत होतं आणि रडू येत होतं. ओसरीवरून शेजारच्या भैय्याजींचा आवाज यायचा. त्यांचा संत्र्याचा बगीचा, पण त्या दिवसांत बोलणं सगळं भाषेवरून होणाऱ्या नव्या राज्यांचं : नागपूर कोणाकडे जाणार, दिल्लीत कोण काय म्हणालं. तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं, म्हणून मी कान दिला नाही.

ताप उतरला त्या दिवशी सरांनी शाळेत सगळ्यांचे नमुने उघडायला घेतले. बापूजी माझ्या फळ्या घेऊन सोबत आले. मुलांनी कागद बदलायचे सोडून पत्ते कुटले होते, त्यांच्या घड्यांतून कुबट वास आला. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले.

“वा,” सर म्हणाले.

ऑर्किड हिरवट पांढरं, शेपटांसकट शाबूत. सरांनी विचारलं, “कागद किती वेळा बदललेस?”

मी घडी जवळ ओढली. एकदाही नाही, मग हे सुकलं कसं? ऑर्किड मी केशतेलाच्या जाहिरातीवर ठेवलं होतं, आता त्याच्याखाली कापसाचे भाव होते. कागद हुंगला तर चुलीच्या धुराचा वास. आणि एकदम भैय्याजी आठवले. रेल्वे बंद, गावात किती दिवसांत पेपर आलेला नाही, मग दिल्लीच्या बातम्या त्यांना कळल्या कुठून? सगळ्या सौंसरात ताजे पेपर होते ते फक्त आमच्या फळ्यांमध्ये.

मी बापूजींकडे वळले. ते छताकडे बघत होते.

“तू झोपली की काढत होतो,” ते म्हणाले. “वला कागद फाटते, म्हणून चुलीपाशी वाळवून वाचत होतो, भैय्याजीले सांगत होतो. तवर तुझं झाड कोरड्या कागदात ठेवायचो. जपून ठेवलं बरं.”

“रोज?”

“रोज. एकदा वाचून भरोसा नाही आला. वाटे, सौंसरचं नाव आपल्या नजरेतून सुटून राहिलं. आपण नागपूरसंगं जाऊन राहिलो का इथंच हिंदीवाल्यांच्या राज्यात राहून राहिलो, कोणी तं लिहिलं असंन. पण नाही. नावच नाही.”

मी सरांना खरं ते सांगून टाकलं : ताप होता, मी कागदाला हात लावलेला नाही. मुलं खिदळली. सर हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. “मग जागा बापूजींची झाली,” ते म्हणाले.

बापूजी तोवर ऑर्किडवर वाकले होते. खालच्या चिठ्ठीवर मी ते सापडल्याचं ठिकाण लिहिलं होतं : सिल्लेवानी घाट, तहसील सौंसर. त्यावरून त्यांचं बोट सावकाश फिरलं.

“हे कुठं राहीन?”

“नागपूरला, कॉलेजच्या कपाटात,” सर म्हणाले. “आपण सगळे गेल्यावरही राहील.”

बापूजींनी चष्मा पुसला.

“सर, जागा माझी म्हणता ना? मंग मी ते हिले देतो. नागपूर तिकडं जावो, आम्ही इकडं राहू. सौंसरचं नाव तिथं लिहाले आमची पोरगी असू द्या.”

सरांनी मान डोलावली. बापूजींनी ऑर्किड जपून घडीत ठेवलं आणि दोरी माझ्या हातात दिली.