दारं लागली, त्याला कारण मी

मित्रांनो, मसोलीच्या एका गॅरेजात, कोपऱ्यातल्या फुटक्या बंपरशेजारी जी काळी, जड पेटी पडली आहे ना, ती मी. एका पांढऱ्या गाडीची जुनी बॅटरी. भंगारवाला येण्याआधी मला तुम्हाला एका दुपारची हकिगत सांगायची आहे. ती दुपार आठवली की अजूनही मी हादरते.

माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या आणि ॲसिडचं पाणी. कारखान्यातून मी निघाले ती थेट गोविंदरावांच्या गाडीत बसले. गोविंदराव चिकूचे बागायतदार. चावी फिरवली की इंजिनाला पहिला धक्का मी द्यायची. दिवे, हॉर्न, वायपर, दारांची कुलपं, सगळ्यांना माझाच आधार. "गाडी कशी एका चावीत उठते," असं गोविंदराव कौतुकाने सांगायचे. ते कौतुक इंजिनाच्या नावावर जमा व्हायचं, पण मला त्याचं वाईट वाटत नसे.

मग गोविंदरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाच महिने गाडी बागेतल्या शेडमध्ये उभी राहिली. कुणी ती सुरूसुद्धा केली नाही. मित्रांनो, आम्हा बॅटऱ्यांना काम केल्याने जेवढा थकवा येत नाही, तेवढा रिकामं पडून राहिल्याने येतो. माझ्या पट्ट्यांवर पांढरी खपली धरली. माझी निम्मी ताकद गेली आणि ते बाहेरून कुणालाही दिसलं नाही.

गोविंदरावांना आता गाडी चालवता येईना, म्हणून त्यांनी तलासरीकडच्या एका पाड्यावरचा मिथुन ड्रायव्हर म्हणून ठेवला. शांत, कामापुरतं बोलणारा माणूस. तो आला आणि त्याच आठवड्यात गाडीने नाना तऱ्हा सुरू केल्या. घड्याळ आपोआप बारावर जायचं. वळणावर स्टिअरिंग एकदम जड व्हायचं. समोरचे लाल-पिवळे दिवे एकदम पेटायचे आणि विझायचे. कधी दारांची कुलपं आपली आपणच खटकन लागायची.

हे सगळं माझ्यामुळे होत होतं. वीज कमी पडली की गाडीतली नाजूक यंत्रं गोंधळतात. पण मला तोंड कुठे होतं सांगायला?

"शेठ, बॅटरी एकदा तपासून घेऊ," मिथुन म्हणाला.

"गाडी रोज सुरू होते. बॅटरीला काय धाड भरली?" गोविंदराव म्हणाले. "तू येण्याआधी असलं काही नव्हतं. गाडीत बसून बटणं दाबत असशील."

मिथुन गाडी पुसायला लागला. पुढे त्याने आणखी तीनदा सांगून पाहिलं. गोविंदरावांनी गाडीचे दोन सेन्सर बदलले, कुलपाची मोटर बदलली, वायरी बदलल्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

मे महिन्यातली ती दुपार. गोविंदराव, त्यांची सून मयूरी आणि दीड वर्षांची नात रेवा, सगळे तलासरीला एका लग्नाला निघाले होते. वाटेत आंब्याखाली बारकी नावाची बाई ताडगोळे विकत बसली होती. गोविंदरावांनी गाडी थांबवायला सांगितली. रेवा मागच्या सीटवर झोपली होती. ट्रकची धूळ नको म्हणून काचा वर होत्या. मिथुनने इंजिन बंद केलं, पण मुलीला वारा लागावा म्हणून चावी तशीच ठेवून पंखा सुरू ठेवला. दोनच मिनिटांचं तर काम होतं. मिथुन, मयूरी आणि गोविंदराव तिघेही उतरले.

तो पंखा माझ्या अंगात उरलंसुरलं होतं तेही ओढू लागला. मी तग धरायचा प्रयत्न केला. जमलं नाही. माझा जोर एकदम खाली गेला, आणि खट्. चारी दारं लागली.

मिथुनने तो आवाज ऐकला. तो धावत आला, दार ओढलं. मग दुसरं, तिसरं. पंखाही थांबला होता. चावी आत, मुलगी आत.

"बाबा, दार उघडत नाही," मयूरी म्हणाली. तिच्या हातातले ताडगोळे मातीत पडले होते.

गोविंदरावांनी खिशातून फोन काढला. "दुसरी चावी घरी आहे. मी उमेशला फोन करतो, तो घेऊन येईल." उमेश म्हणजे त्यांचा मुलगा. तो होता डहाणूला. घरून चावी घेऊन यायला पाऊण तास.

आत रेवा जागी झाली. काचेतून बाहेर फक्त तिचं उघडलेलं तोंड दिसत होतं. रडणं मला ऐकू येत होतं. बाहेर येईतो ते अगदी बारीक होत होतं. गाडीचं पत्र्याचं छप्पर तव्यासारखं तापलं होतं. तिचे गाल लाल झाले, केस कपाळाला चिकटले. मग तिचं रडणं कमी झालं, आणि तेच जास्त भयंकर होतं.

"काच फोडतो," मिथुन म्हणाला.

"थांब, मुलीला लागेल. मी फोन लावतोय ना," गोविंदराव म्हणाले. त्यांनी पुन्हा नंबर लावला.

बारकी उठली होती. तिने ताडगोळे सोलायचा कोयता मिथुनपुढे धरला. "पुढची काच फोड, दादा. पोर मागे आहे. उलट्या बाजूने मार."

मिथुनने शेठकडे पाहिलंही नाही. ड्रायव्हरच्या काचेच्या कोपऱ्यावर त्याने कोयत्याची पाठ मारली. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्या घावाला काचेचा चुरा झाला. आत हात घालून त्याने कुलूप उघडलं, मागचं दार उघडलं आणि रेवाला बाहेर काढलं. मुलगी मान टाकून होती.

बारकीने तिला सावलीत घेतलं, मडक्यातलं पाणी तिच्या डोक्यावर, पायांवर ओतलं, पदराने वारा घातला. मयूरी तिचं नाव घेत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग रेवाने एक हुंदका दिला आणि जोरात रडू लागली. एवढं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं आणि संध्याकाळी घरी पाठवलं.

मिथुन मात्र रस्त्याकडेला बसून राहिला होता. मनगटापासून कोपरापर्यंत रक्त होतं, आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. गोविंदरावांनी आपला रुमाल त्याच्या हाताला बांधला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या नविनभाईंनी मला मीटर लावला. रात्रभर विसावा मिळाला होता, म्हणून नुसती पाहिली तेव्हा मी ठीक दिसले. मग त्यांनी मोठे दिवे लावून माझ्यावर भार टाकला आणि मीटरचा काटा कोसळला. "शेठ, ही तर कधीची संपली. गाडी जे काय करत होती, ते हिच्यापायी," ते म्हणाले.

गोविंदराव स्टुलावर बसले. "मिथुन, तू मला सांगितलं होतंस," ते म्हणाले.

"चार वेळा, शेठ," मिथुन म्हणाला. आवाज चढवला नाही, पण खाली मानही घातली नाही.

"आणि मी तुझ्यावरच आळ घेतला." गोविंदराव उठले, दुखऱ्या गुडघ्यासकट त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मिथुनने ते हात धरून खाली केले. त्यानेच मग एका हाताने पान्हा फिरवून माझ्या तारा सोडवल्या. त्याने मला फेकलं नाही. भिंतीशी नीट टेकवून ठेवलं.

मित्रांनो, गाडी उभी असली तरी अधूनमधून तिला फिरवा. तिने अशा तऱ्हा सुरू केल्या तर आधी आम्हाला भार टाकून तपासा. मुलाला गाडीत एकटं ठेवू नका, दोन मिनिटंसुद्धा नाही. आणि रोज गाडीचं चाक हातात धरणारा माणूस काही सांगत असेल, तर त्याचं पहिल्याच वेळी ऐका. मला बोलता येत नव्हतं. त्याला येत होतं.