तिसरी ललकारी

दसऱ्याच्या दुपारी उंद्रीपलीकडच्या त्या गावात बालाजीची पालखी देवळाच्या पायरीशी सजून बसली होती. देव कसला, राजाच तो. छत्र, चवऱ्या, पुढे भालदार, आणि चोपदाराची ललकारी झाल्याशिवाय जागचा हलायचा नाही. एकतीस वर्षं ती ललकारी नारायणराव देत. श्रावणात ते गेले आणि चांदीची काठी पुतण्याच्या, गोपाळच्या हातात आली.

रीत अशी, की तीन ललकाऱ्यांत पालखी उठली नाही तर मान दुसऱ्या घराकडे जातो. दुसरं घर म्हणजे भगवंतराव. ते कडक फेटा बांधून पहिल्या रांगेत, नुसतेच पाहायला आले होते.

नारायणरावांची लेक शरयू चिखलीला शाळेत शिकवी. घरात दुखवटा, म्हणून ती बायकांच्याही मागे भिंतीशी उभी होती. ललकारीचे शब्द गोपाळला तिनेच वहीत उतरवून दिले होते.

गोपाळने ललकारी दिली. खणखणीत. पालखी हलली नाही. दुसरी दिली. भोई खांदा लावून तसेच वाकलेले.

"काऊन उठून नाही राह्यले बे?" गोपाळ कुजबुजला.

"तुहं होऊ तं दे," म्होरका सहदेव म्हणाला.

"झालं ना सारं."

"काई तरी राह्यलं. आमच्या खांद्याले समजते."

भगवंतरावांनी फेटा सारखा केला. अंबूआत्या शरयूच्या कानाशी पुटपुटली, "गेला वं मान. तुह्या बापामागं दोन महिने बी नाही टिकला."

शरयूने मनातल्या मनात वही चाळली. शब्द सगळे होते. गोपाळची तिसरी ललकारी सुरू झाली, तशी तिच्या कानात वडिलांची सुरू झाली. शेवटचा 'महाराज' ताणला की त्यांचा घसा बसे आणि ते खाकरत. दोनदा, मोठ्याने. वहीत खाकरणं कोण लिहितं? भोई मात्र एकतीस वर्षं त्याच्यावरच उठत आले होते.

गोपाळचा 'महाराज' संपला. तोंडाला पदर न लावता शरयू दोनदा खाकरली, अगदी त्यांच्यासारखी.

पालखी उठली.

मागे न पाहता सहदेव म्हणाला, "मास्तरीणबाई, म्होरं या. वेशीपावतर सात मुक्काम हायेत, दर मुक्कामाले ललकारी."

"आमच्याकडे दुखवटा आहे, सहदेवकाका."

"मंग आमाले काय सण हाये? चाला."

बायकांनी वाट दिली. शरयू गोपाळच्या बाजूला जाऊन चालू लागली.

"दोनदा," ती त्याला म्हणाली, "आणि लाजायचं नाही."