आयुष्यभराचे तेल

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे, आणि तोही स्वयंचलित. तुमच्यापैकी फारच थोड्यांनी माझे तोंड पाहिले असेल, कारण आम्ही गाडीच्या पोटात दडलेले असतो आणि बिघडल्याशिवाय आमची कुणाला आठवण होत नाही. सध्या मी एका गॅरेजच्या मागच्या खोलीत लोखंडी फळीवर पडून आहे. माझ्या एका बाजूला पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स आहे, दुसऱ्या बाजूला दोन क्लचवाला. तिघेही निकामी, तरी आमच्यात सरस कोण हा वाद चालूच असतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही खोटे नाही.

इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचवणे हे आमचे काम. साध्या गाडीत चालकाला डाव्या पायाने क्लच दाबून हाताने गिअर बदलावा लागतो. माझ्या गाडीत ते सगळे मी करायचो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो ना? माझ्या आत तसेच दोन पंखे आहेत, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. तेच तेल ताकद पुढे नेणाऱ्या माझ्या चकत्या एकमेकींवर दाबून धरते, त्यांना थंड ठेवते आणि गिअर बदलते. तेल आहे तोवर मी आहे.

खरे सांगायचे तर चपळ मी कधीच नव्हतो. पट्टेवाला शेजारी इंधन वाचवतो आणि लोण्यासारखा चालतो, पण चढावर ओझे ओढायची वेळ आली की कुरकुरतो. दोन क्लचवाला डोळ्याचे पाते लवायच्या आत गिअर बदलतो, पण गर्दीत रांगायला लागले की त्याचे डोके तापते. मी दोघांहून मंद आणि खादाड. मात्र कारखान्यात मला तपासणारी बाई माझ्यावर हात ठेवून म्हणाली होती, "हा धावायचा नाही, पण टिकेल." तेवढ्या एका वाक्यावर मी पुढची तेरा वर्षे काढली.

मला विकत घेतले काटेवाल्यांनी. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासणे आणि दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा, म्हणून सारे गाव त्यांना त्याच नावाने ओळखायचे. एका गोदामातला मोठा काटा डाव्या गुडघ्यावर पडला आणि क्लच दाबण्याचे त्या पायातले बळ गेले. बायको आधीच वारली होती, घरी एक मुलगी, आणि धंदा तर सगळा फिरतीचा. गाडी चालवता आली नाही तर घरी बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

शोरूममधल्या विक्रेत्याने त्यांना पुस्तिका उघडून दाखवली. गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभराचे आहे, बदलावे लागत नाही, असे तिच्यात स्पष्ट छापले होते. काटेवाल्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. इंजिनाचे तेल ते वेळच्या वेळी बदलत, चाकांत हवा स्वतः तपासत, पण माझ्या तेलाला त्यांनी कधी हात लावू दिला नाही. कुणी शंका काढलीच तर म्हणत, "छापलेल्यावर मी विश्वास ठेवला नाही, तर माझ्या वजनांवरच्या आकड्यांवर लोकांनी का ठेवावा?"

ती वर्षे फार सुखाची होती. मागच्या डिकीत फडक्यात गुंडाळलेली पितळी वजने असायची. त्यांना धक्का लागू नये म्हणून काटेवाले गाडीचा वेग हळूच वाढवायचे आणि मीही गिअर अलगद बदलायचो. एखादा दुकानदार म्हणायचा, "काटा जरा आमच्या बाजूने झुकवा की." ते हसून उत्तर द्यायचे, "घरच्या काट्याला सांगून दमलो हो, तो माझंसुद्धा वजन कमी दाखवत नाही." दुपारी गाडीत बसून डबा खाताना ते डॅशबोर्डवर थोपटायचे. ती थाप माझ्यासाठीच आहे असे मी धरून चालायचो.

मुलगी चिंगी माझ्यावरच गाडी शिकली. मोठी झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, आणि मग तिचा जीव बापात अडकू लागला. दर फोनला तेच. "बाबा, आता पुरे झालं फिरणं. गाडीनं एकदा जरी दगा दिला ना, तर किल्ली माझ्याकडे ठेवीन." काटेवाले हसण्यावारी न्यायचे, पण फोन ठेवल्यावर खिशातली किल्ली चाचपून पाहायचे.

बाराव्या वर्षी मी अडखळू लागलो. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना मला दम लागायचा. काटेवाले मला या गॅरेजच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे घेऊन आले. मिस्त्रीने माझ्या तेलाचा थेंब बोटांवर घेऊन चोळला. तो काळाकुट्ट होता.

"कधीच बदललं नाहीत?"

"आयुष्यभराचं आहे ना ते?"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला नाही इतकेच. तो म्हणाला, "चकत्या झिजल्यात. त्यांचाच चुरा या तेलात आहे, आणि त्या चुऱ्यामुळेच त्यांची थोडीफार पकड राहिलीये. आता याला हात लावू नका. नवं तेल घातलं तर घसरेल. जपून चालवा, निघेल एखाद-दोन वर्षं."

काटेवाल्यांनी ही गोष्ट चिंगीला सांगितली नाही. मला कारण ठाऊक होते. किल्ली जाईल ही धास्ती. त्यांनी चढाचे रस्ते सोडले, लांबच्या दुकानांना नकार दिला आणि मला तळहातावरच्या फोडासारखे जपले.

पुढच्या वर्षी ते आठवडाभर बहिणीकडे गेले. त्याच आठवड्यात चिंगी घरी आली. बापाला आपण सारखे टोचून बोलतो याचे तिला वाईट वाटत होते. निदान गाडी तरी धडधाकट करून द्यावी म्हणून ती मला एका चकचकीत वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. तेरा वर्षांत तेल बदललेले नाही हे कळताच ती हळहळली. "सगळं काढा. आतून धुऊन नवीन भरा." मित्रांनो, खोटे कशाला बोलू? ते लालभडक नवे तेल अंगात खेळले तेव्हा मला पुन्हा कारखान्यातून बाहेर पडल्यासारखे वाटले. पण घरी परततानाच माझ्या चकत्या एकमेकींवरून घसरू लागल्या. चिंगीला गाडीच्या या अलीकडच्या खोडी काय माहीत? तिला वाटले, नवे तेल रुळेल हळूहळू.

ती बापाला आणायला स्टेशनवर गेली. किल्ली हातात देत म्हणाली, "चालवा तुम्हीच. तुमच्यासाठी एक गंमत केलीये. गिअरबॉक्सचं तेल बदलून घेतलं."

काटेवाल्यांचे हात स्टिअरिंगवर थबकले. "छान केलंस," ते म्हणाले.

त्यांनी तिथेच गाडी बंद करायला हवी होती. पण मग कारण सांगावे लागले असते. ते निघाले. पुलाच्या चढावर वाहनांची रांग थांबली, आम्ही थांबलो, आणि पुन्हा निघताना माझी पकड पार सुटली. इंजिन ओरडत राहिले आणि गाडी मागे जाऊ लागली. मागून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. काटेवाल्यांनी दोन्ही ब्रेक आवळले. गाडी बाबागाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. कुणाला खरचटलेही नाही. ती बाई नुसती बाळाकडे पाहत उभी राहिली. गाडी ओढून मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आणावी लागली.

मिस्त्रीने मला खोलले. चकत्या पार गुळगुळीत झाल्या होत्या, आणि माझ्या जातीचे सुटे भाग आता मिळत नाहीत. चार दिवसांनी बाप-लेक दोघे गॅरेजमध्ये आले. चिंगीने किल्ली काढून घेण्याची गोष्ट काढली नाही. उलट नवी गाडी घ्यायचे ठरवून आली होती. फळीवरच्या आम्हा तिघांकडे बोट दाखवून तिने मिस्त्रीला विचारले, "या तीन जातींत सगळ्यात भरवशाची कोणती?"

मिस्त्रीने पट्टेवाल्याचे गुण सांगितले, दोन क्लचवाल्याचे दोष सांगितले, मग म्हणाला, "ताई, जातीवर फार नसतं. ज्याचं तेल पहिल्यापासून वेळेवर बदललं, तो टिकतो."

"मग मी बदललंच होतं की. त्यानंतरच कसा गेला हा?"

मिस्त्री हात पुसू लागला. काटेवाले घाईने म्हणाले, "जुना झाला होता गं तो."

चिंगीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "काका, तेल बदलल्यामुळे गेला का?"

मिस्त्रीने काटेवाल्यांकडे पाहिले आणि मान खाली घातली. "मी यांना सांगितलं होतं, हात लावू नका म्हणून."

"मला का नाही सांगितलंत बाबा?"

"तू किल्ली घेतली असतीस."

मला वाटले, ती नाही म्हणेल. निदान बापाचे मन राखायला तरी म्हणेल. ती शेजारच्या टायरवर बसली आणि म्हणाली, "हो. घेतली असती."

मग तिला रडू आवरेना. काटेवाले तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, दुखऱ्या पायावर भार देऊन. "नवी गाडी नको," ते म्हणाले. "ती बाबागाडी सारखी डोळ्यांपुढे येते. आता माझ्याच्यानं व्हायचं नाही."

त्यांच्या ओळखीच्या दुकानांमध्ये आता दुसराच माणूस जातो. ते घरी असतात. मिस्त्री कधीतरी त्यांना भेटून येतो, त्याच्याकडूनच मला हे कळते.

मित्रांनो, गाडीचे तेल वेळेवर बदला, पुस्तिकेत काहीही छापलेले असो. ते तर मी सांगतोच. पण माझे खरे दुःख तेलाचे नाही. माझ्यावर दोघांनी मनापासून माया केली, आणि तरी त्या मायेनेच एका माणसाचे फिरणे बंद पडले. घरातले कुणी आपले दुखणे लपवत असेल, तर त्याला रागावण्याआधी एवढेच विचारा, की खरे सांगितले तर मी तुझ्याकडून काय हिरावून घेईन असे तुला वाटते? आणि उत्तर ऐकून घ्या. चिंगीने हे एकदा जरी विचारून ऐकले असते, तर किल्लीऐवजी जुनी गाडीच गेली असती आणि मी तेव्हाच मोडीत निघालो असतो. पण काटेवाले आज दुसऱ्या गाडीतून आपली वजने घेऊन फिरत असते, आणि मला ते चालले असते.