तुळईखालची प्रार्थना

जी वास्तू प्रार्थनेवर उभी असते ती कधीच कोसळत नाही. पाळकसाहेब हे वाक्य वेदीसमोरून अधूनमधून उच्चारत, आणि उच्चारताना त्यांचा उजवा हात आपोआप छताकडे जाई. त्या रविवारीही तो गेला, आणि छताखालच्या तुळईतून चिमूटभर लाकडाचा भुसा खाली आला. तिसऱ्या बाकाच्या टोकाला बसलेल्या सलूनवाल्याच्या टकलावर तो पडला. सलूनवाल्याने धंद्याच्या सवयीने रुमालाचा एक फटका मारून तो झटकला आणि पुढचं वचन ऐकू लागला.

हे पाहिलं फक्त इंजिनिअरने.

इंजिनिअर हा इंजिनिअर नव्हता. पालिकेच्या ऑफिसात बसून त्याने उभी हयात गटारांचे नकाशे काढले होते. पण चर्चच्या मंडळीत कुणाच्या भिंतीला ओल आली, कुणाचं दार घासायला लागलं, की "इंजिनिअरला दाखवा" असं ठरायचं. तो जायचा, हात मागे बांधून पाहायचा, "हं" म्हणायचा. त्या एका 'हं'वर लोकांनी भिंती पाडल्या होत्या. आपण इंजिनिअर नाही हे सांगायची योग्य वेळ पहिल्याच महिन्यात निघून गेली होती.

उपासना संपल्यावर सगळे बाहेर गप्पा मारत उभे राहिले तेव्हा तो आत थांबला आणि तुळईखाली जाऊन हात मागे बांधून उभा राहिला. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलेली, काळपट तपकिरी, माणसाच्या धडाएवढी जाड तुळई. एका टोकाला ती भिंतीपासून सुटली होती. फटीतून पलीकडचा अंधार दिसत होता. अंगावर बारीक बारीक भोकं पडली होती, आणि त्यातल्या एका भोकातून, तो पाहत असतानाच, पुन्हा थोडा भुसा गळला.

"हं," तो म्हणाला. या वेळी ऐकायला कुणी नव्हतं, आणि त्याला स्वतःला तो आवाज आवडला नाही.

ही तुळई पडणार. कधी ते सांगता येत नव्हतं, पण कुणावर ते दिसत होतं. तिच्या बरोबर खाली तिसऱ्या बाकाचं टोक होतं, आणि तिथे सलूनवाला बसायचा. शाळेत दोघांनी एकाच पट्टीचा मार खाल्ला होता. एकमेकांच्या लग्नात एकमेकांचे बूट सांभाळले होते. इंजिनिअरच्या डोक्यावर आता उरलेले केस कसे ठेवायचे हा निर्णयसुद्धा सलूनवाल्याचाच होता.

संध्याकाळी वेदीमागच्या खोलीत पंच जमले. इंजिनिअरने सांगितलं. सगळे गंभीर झाले. गंभीर होणं पंचांना चांगलं जमायचं.

"शिडी लावून बघायला हवं," इंजिनिअर म्हणाला.

पाळकसाहेब खिडकीतून रस्त्यापलीकडे पाहू लागले. चर्चची शिडी रस्त्यापलीकडच्या चर्चकडे होती. त्यांच्या रंगकामाच्या वेळी त्यांनी ती मागून नेली होती, आणि रंग आता पुन्हा उडायला आला होता.

"मागायची का?" पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं. ते निवृत्त होते, पण अजूनही सगळ्या गोष्टी वेळेवर पोचाव्यात असं त्यांना वाटायचं.

"मागायची?" ऑर्गनवाल्या बाई कडाडल्या. "त्यांनी आपणहून आणून द्यायची का आपण दारात जाऊन उभं राहायचं?"

"त्यांना सुबुद्धी व्हावी म्हणून दर बुधवारी प्रार्थना चालू आहेच," पाळकसाहेब म्हणाले.

"मग भाड्याने आणू," इंजिनिअर म्हणाला.

"आणि ती आत नेताना ते बघणार! म्हणजे आपली शिडी आपण त्यांना देऊन टाकली, असंच झालं की," बाई म्हणाल्या.

 इंजिनिअर स्वतः स्टुलावर चढला तरी त्याला गरगरायचं. त्याचं सगळं आयुष्य जमिनीखालच्या कामात गेलं होतं. लांब काठीने तुळईला टोचून बघावं असंही मनात आलं, पण टोचताच ती आली तर?

"आधी प्रार्थना, मग शिडी," पाळकसाहेबांनी निकाल दिला. "शुक्रवारची सभा आहेच. तिच्यात तुळईलाही घेऊ."

"शुक्रवारी नको," इंजिनिअर म्हणाला, पण पंच उठले होते.

शुक्रवारची सभा सलूनवाल्याच्या बायकोसाठी होती. तिला अर्धांगाचा झटका आल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. आजाऱ्याभोवती उभं राहून, त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, हा मंडळीचा रिवाज. पण तिची खोली एवढीशी, की पलंगाभोवती चौथा माणूस आला की पहिल्याला बाहेर जावं लागे. म्हणून पाळकसाहेबांनी तोड काढली. तिसऱ्या बाकाचं टोक ही तिची नेहमीची जागा. शुक्रवारी संध्याकाळी सलूनवाल्याने तिथे बसायचं, सगळ्यांनी त्याच्यावर हात ठेवायचे, आणि मग त्याने घरी जाऊन आपले हात तिच्यावर ठेवायचे. सलूनवाला ते अक्षरशः पाळायचा. वाटेत कशालाही हात लावायचा नाही. घराचं फाटक तो कोपराने उघडायचा.

आणि आता रिवाजाप्रमाणे, ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याच्या जवळात जवळ उभं राहायचं म्हणून, सगळी मंडळी तुळईच्या बरोबर खाली आणखी दाटीने गोळा होणार होती.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर सलूनच्या खुर्चीत जाऊन बसला. गालाला साबण लागला, वस्तरा गळ्यापाशी आला, तेव्हा तो म्हणाला, "तू तुझी जागा बदल."

"हनुवटी वर."

"तुळई पडणार आहे. तुझ्या डोक्यात."

"माझ्या डोक्यात आहेच काय? हलू नकोस."

"चेष्टा नाही. मरशील तू."

"तू हललास तर तू आधी मरशील." वस्तरा गळ्यावरून सरकत गेला. आरशात सलूनवाल्याचा चेहरा दिसत होता. तो हसत नव्हता. "हे बघ, ती जागा तिची आहे. मी चौथ्या बाकावर बसून घरी गेलो, तर तिला काय सांगू? की तुझी जागा रिकामी ठेवून आलो?"

"तिला कशाला सांगायचं?"

"मी तिला सगळं सांगतो," सलूनवाला म्हणाला. "दुसरं बोलायला आमच्याकडे आहे काय?"

तेव्हा इंजिनिअर सलूनवाल्याच्या घरी, वहिनींकडेच गेला. त्यांचा एक हात पांघरुणावर पडला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, पण डोळे पूर्वीसारखेच होते, म्हणजे समोरच्याचं पाणी जोखणारे. इंजिनिअरने सगळं सांगितलं. भुसा, भोकं, फट. "तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल. त्याला म्हणावं, मागे बस."

वहिनी बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या. एक एक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा वर येत होता.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही… बसा… शेजारी."

इंजिनिअर मदत मागायला आला होता आणि काम घेऊन परत गेला.

पुढच्या रविवारपासून तो तिसऱ्या बाकावर, सलूनवाल्याला चिकटून बसू लागला. सलूनवाल्याने एकदा वर पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि थोडा सरकून जागा करून दिली. त्या विषयावर दोघं पुन्हा बोलले नाहीत. फक्त उपासना संपली की सलूनवाला रुमाल काढून आधी इंजिनिअरचे खांदे झटकायचा, मग स्वतःचे.

भुसा वाढत चालला. गीतांच्या पुस्तकाच्या पानांत तो साचू लागला. सगळे डोळे मिटून माना खाली घालत तेव्हा इंजिनिअर डोळे उघडे ठेवून वर पाहत राही. फट आता रुंद झाली होती, का झाल्यासारखी वाटत होती? तुळई मधेच करकरायची. दात खाणाऱ्या माणसासारखा आवाज. तो आला की इंजिनिअरच्या तळव्यांना घाम सुटायचा, आणि पाळकसाहेब "शांती असो" पर्यंत पोचले तरी वाळायचा नाही.

त्याच्या या वर पाहण्याचा मंडळीवर वेगळाच परिणाम झाला. इंजिनिअरला काहीतरी दिसतं, अशी कुजबुज सुरू झाली. ऑर्गनवाल्या बाईंनी त्याला गाठून विचारलं, "काय हो, पंख असतात का त्यांना?"

"कुणाला?"

"बरं बरं, नका सांगू. सगळ्यांना सांगण्यासारखं नसतंच ते."

घरी बायको म्हणाली, "चाळीस वर्षं प्रार्थनेत घोरलात. आता एकदम वरच डोळे?"

शेवटी एका शुक्रवारी त्याने सभेआधी उभं राहून सरळ सांगून टाकलं. ही तुळई पडणार आहे, आजही पडू शकते. लहान मुलांना घरी पाठवा, म्हाताऱ्यांनी मागे बसा, आणि जे इथे उभे राहतील ते जीव धोक्यात घालून उभे राहतील. हे बोलताना त्याचा आवाज चिरकला. आपण इंजिनिअर नाही हेही त्याने त्याच दमात सांगितलं, पण लोकांना तो विनयच वाटला.

मुलं घरी गेली. म्हातारे मात्र मागे गेले नाहीत. पोस्टमास्तर काठी टेकत टेकत उलट पुढेच आले. "एकट्या सलूनवाल्याला खाली बसवून आम्ही मागून हात लांब करायचे की काय?" त्यांनी विचारलं. पुढच्या शुक्रवारी ही बातमी ऐकून एरवी न येणारेही आले. धोका आहे असं कळेपर्यंत सभेला इतकी गर्दी कधी झाली नव्हती. सगळे आधी वर पाहत आणि मग आत सरकून सलूनवाल्याच्या खांद्यावर, पाठीवर, टकलावर हात ठेवत. ज्यांना जागा मिळत नसे ते पुढच्याच्या पाठीवर ठेवत. इंजिनिअरला त्यांचा राग यायचा. कौतुकही वाटायचं. यातलं जास्त काय हे त्याला ठरवता यायचं नाही.

वहिनींची पांघरुणावरची बोटं हलू लागली होती. सलूनवाला ते रोज सांगायचा. आज अंगठा, आज करंगळी. आता तर त्याला त्या जागेवरून उठवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

आणि मग तो वाऱ्याचा शुक्रवार आला. दुपारपासूनच खिडक्या थडाथड आपटत होत्या. लोक अंग चोरत आत येत होते आणि कुणीही मोठ्याने बोलत नव्हतं. दिवे एकदा लुकलुकले. तुळई आता थांबून थांबून नाही, सारखीच करकरत होती; जणू वर कुणी पावलं मोजत हिंडत होतं. सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकसाहेबांनी सुरुवात केली, आणि त्यांचाही आवाज आज खालीच राहिला.

इंजिनिअर वर पाहत होता. आधी दोन खिळे सुटले. टक्, टक्. मग फट हळूहळू जबड्यासारखी उघडली.

"पडतेय!" तो ओरडला.

"आमेन," मंडळी म्हणाली.

"पळा! अरे पळा!"

"आमेन!" मंडळी आणखी जोराने म्हणाली. या मंडळीत प्रार्थनेच्या मध्येच कुणी ओरडलं तर त्याच्यावर आत्मा उतरला असं समजत, आणि अशा वेळी डोळे उघडणं फार वाईट मानत.

मग कडाड्कन आवाज झाला आणि दिवे गेले. इंजिनिअरने विचार केला नाही. विचार केला असता तर तो बाकाखाली शिरला असता. त्याने सलूनवाल्याला मानेला धरून खाली दाबलं आणि स्वतः त्याच्यावर आडवा पडला. पाठीवर काहीतरी येऊन आदळलं. तोंडात भुसा भरला. हा शेवट, त्याला वाटलं, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा न घोरता, न वर बघता, डोळे घट्ट मिटून प्रार्थना केली: याला सोड, प्रभो, घरी तिची बोटं हलतायत, याला जाऊ दे.

बराच वेळ काहीच झालं नाही. मरण असंच असेल, त्याला वाटलं. थोडी पाठ हुळहुळते आणि खालून कुणीतरी बोलतं.

"ऊठ," खालून सलूनवाला म्हणत होता. "ऊठ की रे. तुझा गुडघा माझ्या मानेवर आहे."

पोस्टमास्तरांनी बॅटरी लावली. तुळईचा एक तुकडा बाकावर आडवा पडला होता आणि दुसरा लाऊडस्पीकरच्या वायरीला लोंबकळत होता. पोस्टमास्तरांनी काठीच्या टोकाने पडलेला तुकडा उचलला, आणि तो उचलला गेला. आत पोकळ होतं. कुठल्यातरी जुन्या पाळकांच्या काळात वायरी दिसू नयेत म्हणून कुणीतरी पातळ फळ्यांची पेटी ठोकून तिला तपकिरी रंग दिला होता. छताचा सगळा भार आजवर भिंतींवरच होता.

सलूनवाला हात वर धरून, कशालाही न शिवता, मान एका बाजूला कलती ठेवूनच घरी गेला. इंजिनिअर त्याच्यासोबत गेला, आणि फाटक त्यानेच उघडलं.

त्या संध्याकाळी चर्चमध्ये एकच माणूस जखमी झाला. तो म्हणजे सलूनवाला; इंजिनिअरच्या वजनाने त्याची मान लचकली होती.