शेऱ्याचा रकाना

निळी पट्टी शेवटच्या बोटभर जागेपाशी येऊन अडली होती, आणि आपण नजर काढली तर ती मागे सरकेल अशा भीतीने तो तिच्याकडे बघत होता. पट्टीखाली बारीक अक्षरं — सर्व्हर सुरू होत आहे, कृपया थांबा. थांबलोय की बाबा, सकाळपासून दुसरं काय करतोय... कपातल्या चहावर साय धरली होती. पट्टी नाहीशी झाली आणि लाल फुली आली. जुना डेटा सापडला. सध्याचा पासवर्ड द्या.

सध्याचा पासवर्ड! तो माहीत असता तर या भानगडीत पडलो असतो कशाला?

पासवर्ड बायकोला माहीत होता. कॉम्प्युटरही तिचाच, बाहेरच्या खोलीत, खेळण्यांच्या मांडणीला पाठ लावून ठेवलेला. पुस्तकांची लायब्ररी असते तशी तिने खेळण्यांची काढली होती. गल्लीतली मुलं एक खेळणं घरी न्यायची, खेळून परत आणायची, दुसरं न्यायची. आधी ती वहीत लिहायची. मग पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि एक दिवस म्हणाली, मी सर्व्हर टाकलाय, आता वही बंद. सर्व्हर? घरात? तो हसला होता. "हसा," ती म्हणाली. "फ्रिज उघडून बसलात की मला स्क्रूला बोट लावू देता का? मग याला तुम्ही हात लावायचा नाही."

त्यानेही लावला नाही. फ्रिज दुरुस्तीचं काम, हात कायम तेलकट. तिच्या कीबोर्डपासून लांबच बरा. ती टाइप करायची आणि मधेच मोठ्याने वाचून दाखवायची. प्रत्येक खेळण्यापुढे शेऱ्याचा एक रकाना होता. ठोकळे : लाल त्रिकोण हरवला, आई म्हणते आमच्याकडे नाही, मुलगा माझ्याकडे बघत नाही. अस्वल : एक डोळा बटणाचा लावला, मुलीला आवडला म्हणून चांगला डोळाही काढून बटण लावलं. तो स्वयंपाकघरातून हुं म्हणायचा. निम्मं ऐकायचा. पुढे दुखणं वाढलं, तरी ती तिथेच. पाठीशी दोन उशा, बोटं मंद. तो म्हणायचा, झोप आता. "एवढी बाहुली संपवते." त्या शेवटच्या आठवड्यांत ती मोठ्याने वाचत नव्हती, दम लागायचा. काय लिहीत होती, कोण जाणे. बाहुल्यांबद्दलच लिहीत असणार, दुसरं काय. पण बाहुल्यांबद्दल काय? ते शेरे कुणी वाचलेलेच नाहीत. तिची एवढी वाक्यं अजून शिल्लक आहेत, या एका गोष्टीवर तो इतके महिने उठत होता, कामावर जात होता, जेवत होता. घाई कसली, असं त्याला वाटायचं. वाचली तर संपून जातील.

काल मेहुणीचा फोन आला आणि घाई झाली. लायब्ररी पुन्हा सुरू करायची, ताईचं काम बंद पडायला नको, तेवढी मुलांची नावं काढून द्या. म्हणून सकाळी तो त्या खुर्चीत बसला. मशीनने पासवर्ड विचारला. लग्नाची तारीख टाकली, तिचा वाढदिवस टाकला, मग जरा लाजत स्वतःचं नाव टाकलं. तेही नाही. थोडं वाईट वाटलं... पण ती म्हणाली असती, अहो, चोर पहिल्यांदा तेच टाकून बघेल ना!

मग इंटरनेटवर ते पान सापडलं, नवशिक्यांसाठी. सर्व्हर काढून नवा टाका, टाकताना नवा पासवर्ड द्या. त्याने काढला, टाकला — लाल फुली. परत काढला, परत टाकला — परत लाल फुली. पानाच्या खालच्या बाजूला कुणीतरी उपाय दिला होता. सर्व्हर काढला तरी त्याचं डेटाचं फोल्डर मागे राहतं, ते हाताने हटवा, मग सगळं सुरळीत होईल. खाली दहाजणांनी आभार मानलेले.

हे त्याला पटलं. फ्रिजच्या नळीत कचरा अडकला की वरून नवा गॅस भरून भागत नाही. आतलं सगळं बाहेर काढायचं, नळी कोरडी ठणठणीत करायची, मगच नवा भरायचा. आयुष्यभर हेच केलं. आणि तो काही वेडा नव्हता. आधी तिचं ‘खेळणी’ नावाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. उघडून पाहिलं, तिचा पिवळा फॉर्म, तिची बटणं, सगळं होतं. तिचं ते तिच्या फोल्डरमध्ये, सर्व्हरचं ते सर्व्हरच्या. त्याने सर्व्हरचं फोल्डर निवडलं. मशीनने विचारलं, हे कचरापेटीत मावत नाही, कायमचं हटवायचं?

हो.

या खेपेला पट्टी शेवटपर्यंत गेली. हिरवी खूण आली. त्याने टेबलावर थाप मारली आणि मोकळ्या खोलीकडे बघून म्हणाला, "जमलं बघ!" — जमणारच, ती म्हणाली असती, एवढे फ्रिज काय उगाच उघडलेत? मग त्याने ‘खेळणी’ उघडलं. पिवळा फॉर्म आला. खेळण्याचं नाव, मुलाचं नाव, शेरा. चौकटी रिकाम्या. वरती एक ओळ आली, आणि ती त्याने वाचली, मग चष्मा पुसून वाचली.

असा डेटाबेस अस्तित्वात नाही.

पेन ड्राइव्ह लावला. तिथलं उघडलं. तोच पिवळा फॉर्म, तीच ओळ. नाही, नाही, मी उतरवून घेतलंय... आणि मग त्याला फ्रिजची गिऱ्हाइकं आठवली. गिऱ्हाईक दारं उघडून, ट्रे काढून दाखवतं, बघा साहेब, डबा तर चकाचक आहे. आणि तो हसून सांगतो, अहो, थंडावा डब्यात नसतो. मागे नळीत असतो, तुम्हाला दिसत नाही तिथे. किती जणांना सांगितलं हे! आणि पेन ड्राइव्हवर काय घेतलं? डबा, नुसता फॉर्म. आणि नळी, तिचे शेरे होते ती, कोरडी ठणठणीत केली... मी. याच हातांनी.

फोन वाजला. मेहुणी.

"झालं का भाऊजी सुरू?"

"सुरू झालं."

"अय्या, खरंच? मला वाटलं तुम्ही पाना-पक्कड घेऊन बसला असाल. नावं निघाली?"

"नावं... नाही."

"मग राहू द्या हो. मुलं येतील तशी नव्याने लिहून घेईन. त्यात काय एवढं? जेवलात का?"

"हो," तो म्हणाला. काय एवढं, हे मेहुणीला कुठल्या तोंडाने सांगणार? तिला नावंच हवी होती.

मग त्याने कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. सगळं सांगताना जीभ अडखळत होती. पलीकडचा माणूस मधेच म्हणाला, "काका, एक मिनिट. मशीन आत्ता चालू आहे?"

"आहे."

"आधी वायर ओढा. हटवलेलं लगेच पुसलं जात नाही, पण मशीन चालू राहिलं की नवं त्याच्यावर जाऊन बसतं. तुम्ही हटवल्यावर काही टाकलंत का?"

"सर्व्हर टाकला. नवा."

"ओढा वायर. घेऊन या, बघू. निघेल असं म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. परत चालू मात्र करू नका, नुसतं बघायला म्हणूनसुद्धा नाही."

त्याने गुडघे टेकले, टेबलाखाली वाकून वायर ओढली. आतला पंखा फिरत फिरत मंदावला आणि थांबला. तो तिथेच खाली बसून राहिला, पाठ भिंतीला, वायर मुठीत. आत त्या बंद पेटीत ती वाक्यं असतील, किंवा त्यांच्यावर दुसरं काही बसलेलं असेल, एखादं वाक्य अर्धं राहिलं असेल. श्वाससुद्धा हळू घ्यावासा वाटत होता.

आणि मग एकदम त्याला राग आला. मशीनचा नाही, स्वतःचाही नाही. तिचा. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. "एक शब्द सांगून गेली असतीस तर काय बिघडलं असतं?" तो मोठ्याने म्हणाला. "हात लावू नका, हात लावू नका! मग लावायचा कुणी?"

बोलून तो थांबला. सवयीने, आता ती बोलेल म्हणून. अहो... ते येऊ लागलंच होतं, तिच्या आवाजात, नेहमीच्या त्या चेष्टेच्या सुरात, त्याला समजावणारं, माफ करून टाकणारं काहीतरी. आणि त्याने ते तिथेच अडवलं. आवाज तिचा होता, पण वाक्य मी रचत होतो. पासवर्डचं ते चोराचं वाक्य, फ्रिज उगाच उघडलेत का हे वाक्य... इतके महिने सगळी मीच रचत आलो, आणि प्रत्येक वाक्यात ती माझ्या बाजूची. खरी ती एवढी माझ्या बाजूची कधी होती?

खरी ती आत्ता काय बोलली असती? चिडली असती? दोन दिवस बोलली नसती? की खाली बसून पोट धरून हसली असती?

मला माहीत नव्हतं. मी पुन्हा विचारून पाहिलं, या वेळी मनातल्या मनात, आणि उत्तराच्या जागी काहीही ठेवलं नाही.