मुदतवाढ

थोरलीने सिस्टरच्या टेबलावर हात आपटला, तशी पेनांची डबी आडवी झाली.

"इंजेक्शन कपाटात आहे, किल्ली तुमच्या खिशात आहे आणि माझी आई तिकडे उशी चावतेय. मग घोडं अडलंय कुठे?"

"ऑर्डरची मुदत संपली, ताई," सिस्टर म्हणाली. "बाकीच्या औषधांचं फोनवर भागतं. हे दुखण्यावरचं फार जोरकस आहे. मोठ्या डॉक्टरांनी पेशंटला स्वतः बघून नव्याने लिहिल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

"औषध तेच, बाई तीच, दुखणंही तेच. सकाळी चाललं ते दुपारी विष झालं काय?"

"निरोप पाठवलाय. ऑपरेशनमधून सुटले की येतील."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या वेळीही हेच झालं होतं. आजाराने आईच्या कमरेचं हाड पोखरलं होतं आणि इथे सहीची वाट बघणं चाललं होतं. हा नियम करणाऱ्याची कंबर एकदा तरी अशी दुखावी, असं तिच्या मनात आलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

डॉक्टर आले ते डोक्यावरची हिरवी टोपी न काढताच. आईच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. तिचा पाय हलकेच उचलून बघितला. कुठपर्यंत कळ जाते, झोप लागते का, विचारलं. आई कण्हत उत्तरं देत होती. मध्येच कशाला तरी हसलीसुद्धा. मग त्यांनी लिहिलं आणि सिस्टरने इंजेक्शन दिलं.

थोरलीने त्यांना दाराबाहेर गाठलं.

"दर वेळी तिने असं तळमळत पडायचं का? एकदाच काय ते महिन्याचं लिहा. नाहीतर मी वरपर्यंत जाईन."

"महिन्याचं नाही, पंधरा दिवसांचं नियमात बसतं," डॉक्टर म्हणाले. "कमी दिवसांचं लिहायची माझी सवय आहे."

"मोडा ती सवय."

त्यांनी ऑर्डर बदलली आणि भराभर जिना उतरून गेले.

"मिटवून टाकलं," ती आईला म्हणाली. "आता पंधरा दिवस कुणाची वाट बघायला नको."

आईच्या कपाळावरच्या आठ्या सैलावत होत्या.

"म्हणजे डॉक्टर तितके दिवस यायचे नाहीत?"

"छोटे डॉक्टर येतात की रोज."

"ते दारातून कागद बघतात. हे बसतात." आईने रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. "भांडलीस ते बरंच केलंस गं. फार दुखत होतं."

थोरलीने तिच्या अंगावरची चादर नीट केली. नीट असलेली पुन्हा नीट केली. राग उतरला नव्हताच. फक्त आता तो कुणावर काढावा ते कळेना: नियमावर, मुदत संपल्याशिवाय न फिरकणाऱ्या डॉक्टरांवर, की स्वतःच्या तोंडावर. ती तरातरा टेबलाकडे गेली.

सिस्टर दचकली. "आता काय, ताई?"

"तिच्या बाकीच्या औषधांपैकी उद्या कशाची मुदत संपते?"

सिस्टरने बघितलं. "खोकल्याच्या. पण ते मी फोनवर वाढवून घेते, तुम्ही काळजी करू नका."

"घेऊ नका," थोरली म्हणाली. "सांगा त्यांना, मुलगी ऐकत नाही. फार भांडते. स्वतःच या."